आंब्याची बाग कराराने घेणारा उद्योजक म्हणायचा की दलाल?

खाडीपलीकडची (प्रश्न)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'उद्योजकता आणि अर्थव्यवस्था' या विषयावर प्रकल्प करायचा आहे. पुस्तकातलं सगळं पाठ झालंय: उत्पादनाचे चार घटक, म्हणजे भूमी, श्रम, भांडवल आणि या तिघांना एकत्र आणणारा उद्योजक. जमिनीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज, उद्योजकाला नफा. पण घरी आलं की गाडं अडतं.

आमची दीडशे कलमं आहेत. बाबांना आता फवारणीचं आणि राखणीचं झेपत नाही, म्हणून सहा वर्षं बाग कराराने देतोय. तो माणूस मोहोर बघून आकडा ठरवतो, इसार देतो, उरलेले पैसे दोन हप्त्यांत. पुढे फवारणी, राखणदार, काढणी, पेट्या, वाशीचा बाजार, सगळं त्याचं तो बघतो. वाडीत त्याला सरसकट दलाल म्हणतात. आम्ही कलमं लावायची, वाढवायची आणि हा येऊन पैसे करून जातो, असं लोकांचं म्हणणं. मी वर्गात त्याचं उदाहरण दिलं, तर मॅडम म्हणाल्या की उद्योजक काहीतरी नवीन घडवतो, हा नुसता व्यापारी आहे.

कोणाचं बरोबर? आणि आमच्यासारख्या, एकही मोठा कारखाना नसलेल्या गावात उद्योजक अर्थव्यवस्थेला नेमकं काय देतो? कोणी स्वतःच्या अनुभवातून सांगितलं तर फार बरं होईल.

डोंबिवलीकर

सोपं आहे. जो दुसऱ्याकडे पगारावर नाही तो उद्योजक. पानाच्या टपरीवालासुद्धा. प्रकल्पात एवढं लिहिलंस तरी चालेल.

रातांबा

बाळा, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझं कुडाळ तालुक्यात कोकमाचं युनिट आहे. एक पत्र्याची शेड, एक पल्पर, एक ड्रायर आणि हंगामात बारा बायका. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. त्याच्या सुकवलेल्या सालींचं आमसूल (आमच्याकडे सोलं), खारवलेल्या रसाचं आगळ, आणि सरबत करतो. पंधरा वर्षं झाली.

तुझ्या करारवाल्यापासूनच सुरुवात करते, कारण अर्थशास्त्रात उद्योजक या कल्पनेची सुरुवातच त्याच्यासारख्या माणसापासून झाली आहे. अठराव्या शतकात रिचर्ड कँटिलॉन नावाचा आयर्लंडमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये बँकेचा धंदा केलेला माणूस होता. तो वारला १७३४ साली, त्याचं लिखाण छापून आलं १७५५ साली. त्याने कामकरी समाजाचे दोन भाग केले. एकांची मिळकत ठरलेली, दुसऱ्यांची न ठरलेली. हे दुसरे म्हणजे उद्योजक. त्याने उदाहरण दिलंय खंडाने जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याचं. तो मालकाला ठरलेली रक्कम द्यायचं कबूल करतो, पण पीक किती येईल आणि भाव काय मिळेल हे त्याला माहीत नसतं. पाणी वाहून विकणारेसुद्धा कँटिलॉनने याच गटात धरले. त्यामुळे वरती डोंबिवलीकरांनी टपरीवाल्याचं म्हटलंय ते त्या अर्थाने खरंच आहे.

आता तुमच्या बागेकडे बघ. मोहोर बघून आकडा ठरला, त्या दिवशी तुझ्या बाबांची मिळकत ठरली. तिला तुझ्या पुस्तकात खंड म्हणतात आणि आपल्याकडेही खंडच म्हणतात. फवारणीच्या गड्याची मजुरी ठरलेली. करारवाल्याने कुणाकडून पैसे उचलले असतील तर व्याज ठरलेलं. न ठरलेली मिळकत एकट्या त्याचीच. तुडतुडा पडला, थ्रिप्स आले, थंडी लांबली, सुपारीएवढी फळं गळून खाली सडा पडला, ऐन काढणीत वाशीला कर्नाटकचा आंबा उतरला, तर ते सगळं त्याच्या अंगावर. या सगळ्यांना देऊन जे उरेल ते त्याचं. काही वर्षी काहीच उरत नाही आणि काही वर्षी घरातलं घालावं लागतं. तुझ्या पुस्तकातल्या चौथ्या घटकाचा 'नफा' तो हाच.

मग मॅडमचं चुकलं का? नाही. त्या बोलतायत ते शुम्पीटरचं. हा ऑस्ट्रियाचा अर्थशास्त्रज्ञ. १९११ साली त्याने मांडलं की आहे तेच रेटत राहणं म्हणजे उद्योजकता नव्हे. नवी वस्तू आणणं, करायची रीत बदलणं, नवा बाजार शोधणं, कच्च्या मालाचा नवा स्रोत धुंडाळणं, धंद्याची रचनाच बदलणं, यातलं काहीतरी करतो तो उद्योजक. या मापाने तुझा करारवाला अजून वेशीवर आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. उद्या त्याने त्या नावाने, बागेचा पत्ता छापून, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली, की शुम्पीटरही त्याला आत घेईल. प्रकल्पात दोन्ही मापं लिही. माझ्या मते पहिलं माप जास्त मुळाशी जाणारं आहे, आणि ते मी पुस्तकातून शिकले नाही.

माझं सांगते. माझे बाबा लालबागला गिरणीत होते. दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा आणि आई अंगठा न लावता सही करते याचा तिला अभिमान होता. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर आले, आणि आमची मनीऑर्डर बंद झाली. आमच्या वाडीतल्या सतरा घरांतल्या अकरा घरांची बंद झाली. आमच्या गावाची अर्थव्यवस्था म्हणजे पोस्टमनची पिशवी होती, हे मला तेव्हा सातवीत कळलं. परसात फणस, काजू, रातांबे होते, पण त्यातून पैसा होत नव्हता. रातांबे झाडाखाली पडून कुजायचे. घरापुरती सोलं घातली की संपलं.

मी पहिल्यांदा आमसुलं विकायचं ठरवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सोलां कोण इकत घेतलो गे? सगळ्यांच्या घराकडे आसत." गावात त्यांचं बरोबर होतं. पण कोल्हापूर, बेळगाव, पुणे इथल्या घरांत रातांब्याचं झाड नव्हतं. इस्रायल कर्झनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उद्योजकाच्या या गुणाला सावधपणा म्हटलंय, दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर असून निसटलेलं टिपायचं. बियांचंही तसंच. आम्ही त्या शेणकीवर, म्हणजे शेणखताच्या ढिगावर, टाकत होतो. थोड्या बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, करायचं, टाचांच्या भेगांना लावायला, एवढंच. हेच तेल सौंदर्यप्रसाधनांत जातं हे मला चौथ्या वर्षी कळलं. आज बियांच्या पैशातून माझं शेडचं वर्षाचं वीजबिल सुटतं.

आता ते अनिश्चिततेचं. आमसूल कसं होतं ते आधी सांगते, नाहीतर नुकसान कळणार नाही. रातांबा पिकून काळसर लाल झाला की फोडायचा, बी आणि गर वेगळा, साल वेगळी. गराला मीठ लावून रस काढायचा. साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. याला पुट देणं म्हणतात. आम्ही सात पुटं देतो. चौथ्या पुटानंतर साल हाताला चामड्यासारखी लागते आणि बोटांची नखं महिनाभर जांभळी राहतात. सगळा खेळ मे महिन्याच्या उन्हाचा. एक जोराची सर आली की पुट फुकट, दोन दिवस ऊन नाही तर बुरशी.

२०२५ साली मी १९ मेपर्यंत तीन टन रातांबे घेतले होते, किलोला ३० रुपये, वाड्या-वाड्यांतून रोख पैसे मोजून. २० मेपासून पाऊस लागला तो थांबेचना, आणि २५ मेला मान्सूनच तळकोकणात येऊन ठेपला, जो एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. ताडपत्र्यांवर तिसऱ्या-चौथ्या पुटातल्या साली होत्या. आम्ही त्या शेडमध्ये, पडवीत, शेवटी माझ्या माजघरात पसरल्या, पंखे लावले. चौथ्या दिवशी सकाळी मी माजघरात आले तर वास बदललेला होता. आंबट वासाच्या जागी ओल्या गोणपाटाचा वास. साल उलटून पाहिली, खाली राखाडी लव आली होती. ९०० किलो रातांब्यांच्या साली खड्ड्यात टाकल्या.

ज्यांनी रातांबे विकले त्यांचे पैसे देऊन झाले होते, ते परत मागता येत नाहीत. बायकांचे हजेरीचे पैसे मी १५ जूनला चुकते केले, रोजचे ३५० प्रमाणे. पावसाने त्यांच्या हजेरीतला एक रुपया नेला नाही. नेला तो माझ्याकडचा. त्या रात्री मला तुझ्या करारवाल्यासारख्या माणसांबद्दल जे कळलं ते आधी कधी कळलं नव्हतं. फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली लिहिलंय की ज्या धोक्याचं गणित मांडता येतं त्याचा विमा उतरवता येतो, आणि ज्याचं गणितच मांडता येत नाही ती खरी अनिश्चितता. उद्योजकाचा नफा तिचा मोबदला असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यातला असा पाऊस मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. त्याचं गणित मी कशावरून मांडणार?

आता तुझा दुसरा प्रश्न, गावाला काय मिळतं? माझ्या वहीतलं साधं वर्ष सांगते. चार टन रातांबे, म्हणजे १,२०,००० रुपये, जवळपास साठ घरांत वाटले गेले. हे पूर्वी झाडाखाली कुजत होते. बारा बायका, चाळीस दिवस, ३५० रुपये, म्हणजे १,६८,००० रुपये मजुरी. शिवाय टेम्पोवाला, बाटल्या-लेबलवाला, वीज, कर. तुझ्या पुस्तकात राष्ट्रीय उत्पन्न मोजताना 'मूल्यवृद्धी' शिकवली असेल. विकलेल्या मालाच्या किमतीतून बाहेरून आणलेल्या मालाची किंमत वजा करायची. मी बाटली, साखर, मीठ, वीज बाहेरून आणते. बाकी जवळजवळ सगळी मूल्यवृद्धी आमच्या चार किलोमीटरच्या आत राहते. तेच रातांबे ओले असताना बाहेरचा व्यापारी उचलून नेतो, तेव्हा साठ घरांना रातांब्यांचे पैसे मिळतात, पण मजुरी आणि नफा त्याच्या गावाला जातो.

आकड्यांपेक्षा मला एक गोष्ट जास्त पटते. आमच्या तिठ्यावर किराण्याचं दुकान आहे. पूर्वी आषाढात त्याची उधारीची वही जाडजूड व्हायची आणि चाकरमानी चवथीला आले की मिटायची. आता आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांची पानं आषाढातच कोरी असतात, असं त्याने मला स्वतः वही उघडून दाखवलं. त्यातल्या दोघींनी त्या पैशातून शिवणयंत्रं घेतली. एकीने काजूबिया साठवून भाव आल्यावर विकायला सुरुवात केली, म्हणजे ती आता स्वतः अनिश्चितता अंगावर घेतेय. मला तिचं फार कौतुक आहे.

निवृत्त शाखाधिकारी

रातांबाताईंनी मनापासून लिहिलं आहे. मी तीस वर्षं ग्रामीण शाखांत कर्जं दिली, म्हणून एवढंच जोडतो. नवीन मुलं आली की पहिला प्रश्न 'सबसिडी किती?' असा असतो. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान असतं, स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं, हातात येत नाही. तेवढ्यासाठी उभी केलेली कुक्कुटपालनाची रिकामी शेड मी गावोगाव पाहिली आहे.

खरी चूक दुसरीच. यंत्रासाठी कर्ज काढतात आणि कच्च्या मालासाठी पैसे राखत नाहीत. कोकम पाच-सहा आठवड्यांत विकत घ्यायचं आणि अकरा महिने विकायचं. मधला काळ तरायला खेळतं भांडवल लागतं. मुलीने प्रकल्पात मुदत कर्ज आणि खेळतं भांडवल हा फरक जरूर मांडावा. आणि ताई, विक्रीचे पैसे वेळेवर येतात का, तेही सांगा.

रातांबा

साहेब, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. चार वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या खरेदीदाराने माझ्याकडून ६०० लिटर आगळ उचललं. महिन्यात पैसे देतो म्हणाले, दिले सात महिन्यांनी. वहीत मला नफा दिसत होता आणि एप्रिलात रातांब्यांना द्यायला हातात पैसा नव्हता. मंगळसूत्राची वाटी गहाण ठेवून मी तो हंगाम काढला. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला तेव्हा समजलं.

नंतर कळलं की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या नोंदणी केलेल्या उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि ही मुदत छापलेली असते. बाळा, हे प्रकल्पात लिही. मोठा जेव्हा लहानाचे पैसे अडकवतो तेव्हा तो लहानाच्या भांडवलावर बिनव्याजी धंदा करतो.

रापणकर

मालवणहून. सगळं वाचलं. पण एक बाजू राहिली. आमच्याकडे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, गावची माणसं दोन्ही टोकांनी दोर ओढतात, आणि जे मासे येतील त्याचे वाटे पडतात, जाळ्याचा, होडीचा, माणसाचा. मिळालं तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. ताईंच्या व्याख्येने इथे उद्योजक कोण? आणि जो रात्री समुद्रात एलईडी दिवे लावून पिल्लांसकट मासळी उपसतो, त्याने भांडवल घातलं, धोका घेतला, नवी रीतही आणली. केंद्राने २०१७ साली त्यावर बंदी घातली तरी दिवे दिसतातच. त्यालाही उद्योजकच म्हणणार?

रातांबा

दादा, हा प्रश्न मला दोन दिवस पुरला.

रापणीत अनिश्चितता सगळ्यांनी वाटून घेतलेली असते, म्हणून तिथे उद्योजक एक माणूस नाही, सगळा संघ उद्योजक आहे. आमच्या बचत गटाच्या पहिल्या वर्षी आम्ही तसंच केलं होतं. हजेरी नाही, विक्री झाल्यावर वाटे. पण ज्यांच्या घरात जूनपर्यंत थांबायची ताकद नव्हती त्या दोघी-तिघी सोडून गेल्या. त्यांना ठरलेली हजेरी हवी होती, आणि ते योग्यच होतं. सगळ्यांना धोका परवडत नाही. ज्याला परवडतो किंवा जो सोसायला तयार होतो, त्याने तो घेतल्यामुळे बाकीच्यांना ठरलेला पैसा मिळतो.

आणि एलईडीवाला. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली स्पष्ट मांडलंय की उद्योजकता उत्पादक असते, अनुत्पादक असते आणि विध्वंसकही असते. ती कुठल्या वाटेला जाईल हे समाजाच्या नियमांवर ठरतं, कशातून पैसा सुटतो त्यावर. मी माझ्या भाषेत सांगते. तो माणूस धोका घेतच नाही. तो पुढच्या वर्षीची मासळी आज विकतो आणि तिची किंमत रापणकरांवर टाकतो. ज्याचं नुकसान होणार त्याला विचारलेलं नाही आणि पैसेही दिलेले नाहीत. मी माझ्या युनिटचं मिठाचं आंबट पाणी शेजाऱ्याच्या विहिरीच्या अंगाने सोडलं, तर माझा खर्च वाचेल आणि वहीत नफा दिसेल, पण तो नफा शेजाऱ्याच्या विहिरीतून काढलेला असेल. मी त्यासाठी वेगळी टाकी बांधली, ४० हजार गेले. ते जायलाच हवे होते.

खाडीपलीकडची

काकी, सगळ्यांचे खूप आभार. काल बाबांना विचारलं की २०२५ ला पावसाने आंबा गेला तेव्हा करारवाल्याने शेवटचा हप्ता दिला होता का. बाबा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, दिला, पंधरा दिवस उशिरा, पण पूर्ण दिला. त्याने टेम्पो विकला होता, हे आम्हाला नंतर कळलं. हे बाबांनी वाडीत कोणाला सांगितलेलं नाही. मी प्रकल्पात त्याची मुलाखत घेऊ का? तो नाही म्हणेल असं वाटतं.

रातांबा

घेच. पहिल्याच दिवशी वही-पेन काढू नकोस. काढणीच्या दिवसांत सकाळी बागेत जा, पेट्या भरायला लाग, मग बोलेल. कुठल्या वर्षी किती उरलं आणि किती बुडालं, इसाराचे पैसे कुठून आणतो, मोहोर बघून आकडा ठरवताना नेमकं काय बघतो, किती गड्यांना किती दिवस काम देतो, टेम्पो परत घेतला का. आणि 'बाबांनी मला सांगितलंय' असं त्याला सांग. त्यांची परवानगी घेऊन.

मेच्या पहिल्या आठवड्यात वेळ मिळाला तर माझ्याकडेही ये. रातांबे फोडायला बसशील, नखं जांभळी होतील, आणि वही मी पूर्ण दाखवेन, बुडीतल्या पानासकट.